आधी यादी, मग रंग : गावातली कोरीव दगडांपासून शाळेच्या भिंतीपर्यंतची कला शोधण्याची, पाहण्याची आणि जपण्याची रीत

विदर्भातल्या कितीतरी गावांत मारुतीच्या पाराला टेकवलेला एखादा कोरीव दगड असतो. शेंदराच्या थराखाली त्याचं नाक-डोळे बुजलेले असतात. कुठे आखराच्या, म्हणजे गुरं जमवायच्या मोकळ्या जागेच्या, कडेला घोडेस्वाराचा दगड निम्मा मातीत गेलेला असतो, कुठे पडक्या देवळाचा खांब धुणं आपटायला वापरला जातो. त्याच गावात बसथांब्यापाशी हातात खराटा घेतलेले गाडगेबाबा असतात, चौकात बाबासाहेबांचा पुतळा असतो, जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर चित्रं असतात. हे सगळं मिळून गावाचा कलासंग्रह होतो. तो सगळ्यांच्या मालकीचा आहे, पाहायला तिकीट नाही, पण त्याची यादी जवळजवळ कुठेच नाही. म्हणून काय हरवलं हे कळत नाही आणि काय आहे हेही कळत नाही.

या लेखातलं सगळं काम एका क्रमाने आहे: आधी यादी, मग पाहणं, मग जपणूक, आणि रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. बहुतेक नुकसान हा क्रम उलटा झाल्यामुळे होतं. उत्साह येतो, वर्गणी जमते, आणि पहिल्याच आठवड्यात मूर्तीला ऑइल पेंट लागतो.

डोळा तयार करा

गावातला झिजलेला दगड ओळखायचा तर आधी न झिजलेला दगड पाहिलेला असावा. त्यासाठी गट बांधण्याआधी एकदोन सहली करा. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे १८६३ सालचा अजब बंगला, ही सगळ्यात सोपी सुरुवात. तिथे मूर्ती डोळ्यांच्या उंचीवर आहेत, नावाच्या पाट्या आहेत. एका फेरीत सगळं संग्रहालय पाहू नका. फक्त दगडी मूर्तींच्या दालनात दीड तास घालवा आणि प्रत्येक मूर्तीच्या हातात काय आहे एवढंच वहीत लिहा.

वर्धा जिल्ह्यात धाम नदीकाठी पवनारला विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना निघालेली वाकाटककालीन शिल्पं आहेत. भरत-रामाच्या भेटीचं शिल्प त्यातलंच. दीड हजार वर्षांपूर्वीचा कारागीर थोड्या रेषांत माणसाचा भाव कसा पकडतो हे तिथे समजतं. पश्चिम विदर्भातल्यांनी लोणार गावातलं दैत्यसूदन मंदिर आणि सिंदखेडराजाची पुतळा बारव (पायऱ्यांची विहीर) पाहावी. बारवेत शिल्पं पायऱ्यांलगतच्या भिंतींत आहेत, त्यामुळे ती जवळून बघता येतात. पूर्वेकडच्यांनी चामोर्शी तालुक्यातलं मार्कंडा गाठावं. वैनगंगेच्या काठावरच्या या देवळांच्या बाह्य भिंतींवर इतक्या मूर्ती आहेत की पहिल्यांदा गेल्यावर डोळा भिरभिरतो. उपाय सोपा आहे: एकाच देवळाची एकच बाजू निवडा, खालच्या थरापासून वर जा, आणि उरलेलं पुढच्या खेपेला ठेवा. महाशिवरात्रीच्या यात्रेत जाऊ नका, गर्दीत शिल्प दिसत नाही.

चंद्रपूरजवळ बाबूपेठ-लालपेठला उघड्यावर पडलेली अवाढव्य, अपुरी शिल्पं आहेत. एकसंध दगडातून मूर्ती कशी काढत नेतात, कुठे छिन्नी थांबली, हे अपुऱ्या मूर्तीत जास्त कळतं. कोरीव कामात रस असलेल्याने ती चुकवू नयेत.

दिवस आणि सामान

काम करायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीनंतर लगेच गेलात तर गवत कमरेएवढं असतं आणि त्यात साप असतात, म्हणून गुडघ्यापर्यंतचे बूट आणि हातात काठी हवी. मार्चपासून दुपारी दगड इतका तापतो की हात टेकवत नाही. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात जंगलाला लागून असलेल्या जागी पहाटे किंवा तिन्हीसांजेला जाऊच नका. आठनंतर, चारपाच जणांनी, वनरक्षकाला सांगून जा. जुन्या देवळाच्या छताखाली आग्या मोहोळ आहे का ते दुरूनच पाहून घ्या. असेल तर अत्तर, धूर, फटाके, आरडाओरडा काही नको, आणि त्या दिवशी तिथे काम नको.

सामान थोडं लागतं. पाच मीटरचा टेप, दोनशे पानी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, पेन्सिल (पेनची शाई घामाने पसरते), बरा कॅमेरा असलेला फोन, एक टॉर्च, मऊ केसांचा दोन इंची रंगाचा ब्रश, आणि साधारण एक बाय दीड फुटाचा आरसा. आरसा कशाला ते पुढे येईल. शिवाय मोजपट्टी म्हणून एक मीटर लांबीची लाकडी पट्टी घेऊन तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला आळीपाळीने काळा आणि पांढरा रंग द्या. ही पट्टी प्रत्येक फोटोत दगडाशेजारी उभी राहिली पाहिजे. नाहीतर दोन वर्षांनी फोटो पाहून दगड गुडघ्याएवढा होता की माणसाएवढा, हे सांगता येत नाही.

गट चौघांचा पुरे: एक मोजणारा, एक लिहिणारा, एक फोटो काढणारा, आणि चौथा गावातला वडीलधारा माणूस. हा चौथा सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्याशिवाय गेलात तर लोकांना वाटतं गुप्तधन शोधायला आले, आणि ती शंका एकदा पसरली की वर्षभर कोणी काही दाखवत नाही. म्हणून सुरुवातीलाच सरपंच आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. ग्रामसभेत, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या, विषय मांडून ठराव घेतला तर उत्तमच.

कुठे शोधायचं

आधी गावठाण. मारुती, मातामाय, भैरोबा, म्हसोबा यांची ठाणी, जुनी वेस, विहिरीचा काठ, मशिदीचं-दर्ग्याचं आवार, मालगुजाराचा पडका वाडा. वाड्यात दगडापेक्षा लाकूड पाहा: दाराची चौकट, खांबांवरचे कोरीव घोडे-पोपट, तुळयांची टोकं. वाडा पाडायचा ठरला की ही चौकट आधी भंगारात जाते. वाडा उभा आहे तोवर मालकाच्या परवानगीने नोंद करून ठेवा.

मग गावाबाहेर. पूर्व विदर्भात मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ आणि बोड्यांचे, म्हणजे लहान तळ्यांचे, काठ, पश्चिमेला नदीचा घाट आणि बारव. पांदणीच्या तोंडाशी, तीन गावांच्या शिवा मिळतात त्या तिठ्यावर, शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) उभे दगड असतात. नांगराला आडवा आला म्हणून शेतकऱ्याने धुऱ्यावर लोटलेला दगड बऱ्याचदा कोरीव निघतो, पण कोरलेली बाजू खाली असते. पालथा घालून पाहायचा मोह आवरा. आधी आहे तसा फोटो घ्या.

नागपूरजवळ जुनापाणीला आणि विदर्भात इतरत्रही ओबडधोबड गोट्यांची मोठी वर्तुळं दिसतात. ती लोहयुगातली दफनं आहेत. त्यांच्यावर कोरीव काम फारसं नसतं, पण काही गोट्यांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे सापडतात. रस्त्याच्या गिट्टीसाठी किंवा घराच्या पायव्यासाठी हेच गोटे सगळ्यात आधी उचलले जातात, म्हणून दिसताक्षणी नोंदवा. गडचिरोलीच्या दक्षिण भागात माडिया-गोंड समाजाचे मृतांच्या स्मृतीचे उभे दगड आणि कोरीव लाकडी खांब आहेत. ही एखाद्या कुळाची जिवंत श्रद्धा आहे. कुळातल्या जाणत्यांना विचारल्याशिवाय फोटोही काढू नये. नाही म्हणाले तर रजिस्टरमध्ये फक्त "खांब आहे, नोंद नको म्हणाले" एवढं लिहावं.

एका दगडाची नोंद

एका दगडाला वीस मिनिटं द्या. घाई केली की मापं अंदाजाने पडतात आणि यादी निरुपयोगी होते.

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. गावाच्या नावाची दोन अक्षरं आणि आकडा, जसं "पा-०७". क्रमांक कागदावर लिहून फोटोत ठेवा. दगडावर खडू, मार्कर, रंग यांपैकी काहीही लावू नका. मग जागा: गट नंबर किंवा कोणाच्या घरासमोर, कोणत्या झाडाखाली, तोंड कोणत्या दिशेला. तोंडाची दिशा लोक विसरतात. मूर्ती कधीकाळी हलवली असेल तर ती दिशाच पहिला धागा असते.

मापं सेंटिमीटरमध्ये: जमिनीवर दिसणारी उंची, सगळ्यात रुंद जागची रुंदी, जाडी. दगड जमिनीत किती खोल आहे ते खणून पाहू नका. "खालचा भाग गाडलेला" असं लिहा. दगडाचा प्रकार ओळखायला सोपा आहे. बुलढाणा, अकोला, अमरावती, वर्धेकडे बहुतेक काळा बेसॉल्ट असतो, ताज्या टवक्यावर करडा-काळा आणि गुळगुळीत. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वालुकाश्म, पिवळसर-तांबूस, बोट फिरवलं तर वाळूचे कण लागतात. हा फरक लिहिणं गरजेचं आहे, कारण दोघांची झीज आणि निगा वेगळी.

फोटो कमीत कमी सहा: समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, एक जवळून, आणि एक लांबून, ज्यात आजूबाजूचं घर-झाड दिसेल. मागची बाजू कोरी दिसली तरी फोटो घ्या, कधी तिथेच अक्षरं असतात. फोन दगडाच्या मध्याच्या उंचीवर धरा. उभ्याने खाली पाहून काढलेल्या फोटोत मूर्तीचं डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. फ्लॅश बंद ठेवा, तो समोरून पडतो आणि सगळी कोरणी सपाट करतो.

आता आरसा. कोरीव काम दिसतं ते बाजूने, तिरप्या पडलेल्या उजेडात. भर दुपारी किंवा झाडाच्या सावलीत तसा उजेड नसतो. एकाने उन्हात उभं राहून आरशाने ऊन दगडावर अगदी कडेने, जवळजवळ समांतर पाडायचं. समोरून न दिसलेली तलवार, बांगड्या, अक्षरं लख्ख उमटतात. देवळाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर हिवाळ्यात ऊन पडतच नाही, तिथे आरसाच कामाचा. गाभाऱ्यात टॉर्च भिंतीला टेकवून धरा. शिलालेख असेल तर उजेड चारही बाजूंनी पाडून चार फोटो काढा. एका फोटोत बुजलेली रेघ दुसऱ्यात निघते. अक्षरांत खडू, पीठ, हळद, तेल भरू नका. ते खळग्यात अडकतं, आणि पुढे तज्ज्ञाला ठसा घेताना अडचण होते.

शेवटी लोक काय म्हणतात ते लिहा, त्यांच्या शब्दांत. गावातलं नाव, कोण पूजा करतं, कधी नैवेद्य, कोणती गोष्ट सांगतात. ती गोष्ट इतिहासाशी जुळो न जुळो, नोंदवायची. "ही चुकीची समजूत आहे" असा शेरा रजिस्टरमध्ये मारू नका.

दगड वाचायचा कसा

सगळ्यात जास्त भेटतात ते वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड. वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर, कधी बाजूला गायींची रांग. गायी असतील तर गोधन राखताना तो पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो हात जोडून शिवलिंगासमोर बसलेला, आणि माथ्यावर कलश, सोबत चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत कीर्ती राहो, हा त्यांचा अर्थ. वीरगळावर बहुतेक वेळा नाव नसतं. म्हणून कुठल्या राजाचा किंवा प्रसिद्ध सेनापतीचा म्हणून त्याला जोडून टाकू नका. तो तुमच्याच गावातल्या कोणाचा असण्याची शक्यता जास्त.

सतीच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला उभा हात असतो, तळवा समोर. काही दगडांवर हातासोबत नवरा-बायकोची जोडी किंवा घोडेस्वारही असतो. या दगडाची नोंद करा, काळ समजून घ्या, पण त्याचा उत्सव किंवा गौरव करू नका. कायद्याने तो गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे.

मूर्ती ओळखायला चेहऱ्यावर वेळ घालवू नका, तो आधी झिजतो. हात मोजा आणि हातांतलं पाहा. शंख, चक्र, गदा, पद्म असेल तर विष्णू. कोणत्या हातात काय, यावरून त्याची चोवीस रूपं ठरतात. क्रम मोजायचा तो मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून, मग वरचा उजवा, वरचा डावा, शेवटी खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा या क्रमाने आले तर केशव. इथे मूर्तीचा उजवा म्हणजे बघणाऱ्याचा डावा, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गफलत होते. म्हणून रजिस्टरमध्ये "मूर्तीचा उजवा" असंच लिहायची सवय लावा.

पायाशी कुत्रा आणि हातात कवटी-त्रिशूळ असेल तर भैरव. रेड्यावर पाय देऊन भाला खुपसणारी महिषासुरमर्दिनी. बरगड्या दिसणारी, पोट खपाटीला गेलेली आणि पोटावर विंचू असलेली देवी चामुंडा. एका ओळीत सात देवी आणि दोन टोकांना गणपती व वीरभद्र असतील तर सप्तमातृका. मांडी घातलेली ध्यानस्थ मूर्ती बुद्धाची की जैन तीर्थंकराची, हा प्रश्न विदर्भात नेहमी येतो, कारण दोन्ही परंपरा इथे खोल रुजलेल्या आहेत. अंगावर चीवराच्या (भिक्षूच्या वस्त्राच्या) घड्या किंवा खांद्यावरून गेलेली वस्त्राची कड असेल तर बुद्ध. छातीच्या मध्यभागी श्रीवत्साचं चिन्ह असेल, किंवा मूर्ती उभी, निर्वस्त्र आणि हात सरळ खाली सोडलेले असतील तर तीर्थंकर. डोक्यावर सात फण्यांचा नाग म्हणजे पार्श्वनाथ. गाव त्या मूर्तीला वेगळ्या देवाच्या नावाने पुजत असेल तर दोन्ही गोष्टी नोंदवा आणि वाद घालू नका.

जुन्या काळ्या दगडी देवळाला सरसकट हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री. या पद्धतीची कितीतरी देवळं त्याच्या आधीची आहेत. तेव्हा नोंदीत "हेमाडपंती पद्धतीचं" म्हणा, "हेमाडपंताने बांधलेलं" म्हणू नका. अशा देवळात चुन्याशिवाय दगड एकमेकांत बसवलेले असतात, ते सांध्यावर बोट फिरवून कळतं. दाराच्या चौकटीच्या वर मधोमध कोरलेली छोटी आकृती म्हणजे ललाटबिंब. तिथे गणपती असतो म्हणून देऊळ गणपतीचं ठरत नाही. मंडपात गेल्यावर मान वर करा. छताचं कोरीव कमळ आणि एकावर एक फिरत गेलेल्या दगडी चौकटी बहुतेक लोक न पाहताच बाहेर पडतात. फोन पाठीवर जमिनीवर ठेवून टायमर लावला की छताचा सरळ फोटो मिळतो.

काय करू नये, आणि का

ऑइल पेंट, मग तो सोनेरी असो की चंदेरी, दगडावर कधीच नको. दगड जमिनीतून ओल शोषतो आणि पृष्ठभागातून बाहेर सोडतो. रंगाने वाट बंद झाली की ओलीतले क्षार रंगाच्या मागे साचतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा पापुद्रा रंगासकट सुटतो. वालुकाश्मात हे दोन-चार पावसाळ्यांत दिसू लागतं. बेसॉल्ट टिकतो, पण त्याची बारीक कोरणी रंगाखाली भरून जाते.

तेल-शेंदराचा प्रश्न नाजूक आहे, कारण ती पूजा आहे. बंदी घालून काही होत नाही. मूर्तीसमोर एक साधा गोटा तांदळा, म्हणजे देव म्हणून पुजायचा बिनघडीव दगड, म्हणून बसवावा, तेल-शेंदूर त्याला, आणि मूर्तीला फूल-पाणी. पुजाऱ्याने आणि म्हाताऱ्या बायांनी हे मनावर घेतलं तर ते टिकतं. आधीचा शेंदराचा जाड थर मात्र छिन्नीने किंवा गरम पाण्याने काढू नका. थरासोबत दगडाचा पापुद्राही येतो.

सिमेंट. तडा गेला, भर सिमेंट, असं सगळीकडे चालतं. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं, ओल सोडत नाही आणि त्यातले क्षार दगडात उतरतात. परिणामी सिमेंट जागेवर राहतं आणि त्याच्या कडेचा जुना दगड फुटतो. मूर्तीचा पाया सिमेंटच्या चौथऱ्यात गाडणं त्याहून वाईट, कारण पायाशीच वाहन, दाते किंवा लेख कोरलेला असू शकतो. फरशी धुवायचं ॲसिड, तारेचा ब्रश, उच्च दाबाचं पाणी यांनाही हात लावू नका. ॲसिडने दगडातलं लोह गंजून पिवळे डाग पडतात, ते जात नाहीत.

मग स्वच्छता करायची तरी काय? आजूबाजूचं गवत, कचरा, नारळाच्या करवंट्या, जुन्या तसबिरी काढा. पाणी दगडापाशी साचत असेल तर हातभर लांबून उथळ चर काढून ते वळवा. एवढ्या एका कामाने जितका फायदा होतो तितका दुसऱ्या कशानेही नाही. दगडावरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली झाडा. दगडफूल आणि शेवाळ खरवडू नका. भिंतीच्या सांध्यात उगवलेला पिंपळ-वड उपटू नका, मुळासोबत चिरा निखळतो. तो बारीक असतानाच भिंतीला समांतर कापा आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी फूट आली की पुन्हा कापा. देऊळ संरक्षित असेल तर हेही आपल्या हाताने न करता खात्याला लेखी कळवा.

हलवावंच लागलं, समजा रस्ता रुंद होतोय, तर वजनाचा अंदाज घ्या. बेसॉल्टचा एक मीटर उंच, अर्धा मीटर रुंद, वीस सेंटिमीटर जाड दगड पावणेतीनशे ते तीनशे किलो भरतो. तो चौघांचा नाही. पोती गुंडाळून, दोर कमरेच्या भागाला बांधून, बांबूवर आठ-दहा जणांनी उचला. लोखंडी सब्बल थेट दगडाला लावली की कडा उडतात, मधे लाकडाची फळी हवी. मूर्तीला मानेत किंवा हाताला दोर कधीही नको. नवीन जागी वीतभर उंच ओट्यावर, पाया मोकळा ठेवून, पाठ भिंतीपासून चार बोटं सुटी ठेवून उभी करा. जुन्या आणि नव्या जागेची नोंद त्याच दिवशी रजिस्टरमध्ये.

शेतात काही निघालं तर

विहीर, शेततळं किंवा पायवा खणताना मूर्ती निघाली की काम तिथेच थांबवा. जेसीबीचं पुढचं एक खोरं सगळं संपवतं. मूर्ती धुवू नका, बाहेर ओढू नका. जशी आहे तसे फोटो, खोलीचं माप, आजूबाजूला विटा-खापरं आहेत का ते लिहा, आणि तहसीलदार व पोलीस पाटलांना त्याच दिवशी कळवा. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीची जमिनीत सापडलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. कळवलं तर शेत जातं, ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यामुळेच मूर्ती रात्रीतून गायब होतात. एक मूर्ती निघाली म्हणून जमीन आपोआप सरकारजमा होत नाही, हे लोकांना आधीच समजावून ठेवावं.

शंभर वर्षांहून जुनी शिल्पं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार आणि खाजगीरीत्या परदेशी पाठवणं गुन्हा आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. अशा स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निळी किंवा लाल पाटी असेल तर ती वाचा: स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे की राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. दोघांचीही विभागीय कार्यालयं नागपुरात आहेत. अर्ज चुकीच्या खात्याकडे गेला की महिने जातात.

यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक पोलीस ठाण्यात. चोरीनंतर पोलिसांना मूर्ती ओळखायला मापं आणि मोडक्या जागांचे जवळचे फोटोच लागतात. "विष्णूची काळी मूर्ती" एवढ्या वर्णनावर काहीच सापडत नाही. मात्र दोघांना उचलता येईल एवढ्या मूर्तीची नेमकी जागा समाजमाध्यमावर टाकू नका. फोटो टाका, तालुका सांगा, नकाशावरचा ठिपका नको.

गावाची फेरी

यादी झाली की लोकांना दाखवा. दीड किलोमीटरच्या आत पाच-सहा ठिकाणं, वेळ दीड तास, माणसं पंधरा. त्याहून जास्त झाली तर मागच्यांना दगड दिसत नाही. सकाळी साडेसात-आठला सुरू केलं की ऊन तिरपं असतं आणि लोकांना नंतर वावरात जाता येतं. प्रत्येक ठिकाणी आधी दोन मिनिटं काही न सांगता पाहू द्या. मग विचारा: हात किती? खाली काय कोरलंय? मग आरसा एखाद्या पोराच्या हातात द्या. स्वतःच्या हाताने पाडलेल्या उजेडात अक्षर दिसलं की ते पोर तो दगड विसरत नाही. शेवटचं ठिकाण सावलीचं आणि पाण्याचं ठेवा, कारण गोष्टी तिथेच निघतात. लिहिणारा तयार हवा.

नवी कला करायची असेल तर

पुतळा बसवायला ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही. शासनाची परवानगी लागते आणि पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. आधी बसवून मग परवानगी मागितली की प्रकरण अडकतं आणि पुतळा ताडपत्रीत राहतो. असलेल्या पुतळ्याची निगा सोपी: साधं पाणी आणि सुती फडकं. ब्राँझला चिंच, लिंबू किंवा पॉलिशची पावडर नको, त्यामुळे त्याचा वरचा रक्षक थर निघतो. हारात तार असेल तर ती काढून घाला, आणि जयंतीचा हार दुसऱ्या दिवशी उतरवा. कुजलेली फुलं डाग पाडतात.

शाळेच्या भिंतीवर चित्र काढणं त्यामानाने सोपं, पण बहुतेक भिंती दोन पावसाळ्यांत सोलवटतात. कारण एकच: ओल. नवीन प्लास्टर २८ दिवस नीट वाळू द्या. जुन्या भिंतीचा पोपडा पत्र्याने खरवडून, धुऊन, दोन-तीन दिवस कोरडी करा. डिसेंबर-जानेवारीत हे काम करावं. दहा बाय वीस फुटांच्या, म्हणजे दोनशे चौरस फुटांच्या भिंतीला पंधरा ते वीस किलो सिमेंटची पुट्टी दोन हातांत, दोन लिटर बाहेरच्या भिंतीचा प्रायमर, आणि दोन हातांसाठी साडेतीन-चार लिटर बाहेरचा ॲक्रिलिक इमल्शन पुरतो. डिस्टेंपर स्वस्त म्हणून आणू नका, तो पावसात धुऊन जातो. चित्राचे रंग वेगळे, प्रत्येकी अर्धा-अर्धा लिटर.

पश्चिमेची भिंत टाळा. आपल्याकडचं उन्हाळ्याचं दुपारचं ऊन भडक गुलाबी, पिवळा, जांभळा आधी खातं. गेरू, पिवळी माती, काजळी या जातीचे मातकट रंग वर्षानुवर्षं टिकतात, आणि ते आपल्या घरांच्या भिंतींना शोभतातही. सेवाग्रामच्या बापू कुटीत मीराबेन यांनी मातीच्याच भिंतीवर ताडाची झाडं आणि चरखा उठावात काढला. रंगाशिवायही भिंत बोलते, हे मुलांना तिथे नेऊन दाखवण्यासारखं आहे.

चित्र जमिनीपासून सुरू करू नका. खालचे दोन फूट गेरूचा पट्टा सोडा. पावसाचे शिंतोडे आणि जमिनीतला लोणा (ओलीसोबत येणारे क्षार) तिथवर चढतो, आणि खराब झाला तर तेवढाच पट्टा दरवर्षी दिवाळीआधी पुन्हा देता येतो. विषय गावाचाच घ्या: तुमच्या यादीतला वीरगळ, तलावावरचे पक्षी, झाडीपट्टीच्या नाटकाचा रंगवलेला पडदा. कोपऱ्यात चित्रकाराचं नाव, साल आणि वापरलेल्या रंगांचे क्रमांक लिहा, आणि त्याच दिवशी या भिंतीलाही रजिस्टरमध्ये पुढचा क्रमांक द्या.